रंगीत दृष्टि आणि कृष्णधवल रस्ता

धरणगांवच्या बाजारांत एका बाजूस लाल मिरचीची रास असावी आणि तिच्या शेजारीं केळीच्या हिरव्या पानांची चळत असावी. दोहोंत फरक काय, हें लहान मूलहि सांगेल. परंतु याच दृश्याचें कृष्णधवल छायाचित्र घेतलें, तर पुष्कळदां मिरची आणि पान हीं दोन्हीं एकाच करड्या छटेचीं उतरतात. आणि ज्या विरोधाच्या मोहानें छायाचित्रकारानें कॅमेरा उचलला, तो विरोधच चित्रांतून नाहींसा होतो. लाल आणि हिरवा हे रंग भिन्न खरे. पण त्यांचा उजळपणा सारखा असेल, तर रंग काढून घेतल्यावर मागें एकच छटा उरते. रंगीत छायाचित्रणांत हात बसलेला मनुष्य जेव्हां रस्त्यावर कृष्णधवल चित्रें घ्यावयास निघतो, तेव्हां त्याची पहिली गांठ या फसवणुकीशीं पडते. एका वस्तूस दुसरीपासून वेगळें दाखविण्याचें काम आजवर त्याच्या वतीनें रंग मुकाट्यानें करीत होता. तें काम आतां प्रकाश, सावली, रेषा आणि नेमका क्षण यांच्याकडून त्याला स्वतः करवून घ्यावें लागतें.

असा विद्यार्थी इतिहासाच्या उलट दिशेनें चालत असतो. छायाचित्रणाची कला जन्मली तीच रंगहीन. कारण ती चांदीच्या क्षारांवर उभी होती, आणि त्या क्षारांस प्रकाश कमी कीं जास्त एवढेंच कळे. आज प्रत्येकाच्या खिशांतील फोन पहिलें चित्र देतो तेंच रंगीत. आजोबांच्या काळीं जी सक्ति होती, ती नातवाच्या काळीं निवड झाली आहे. या निवडीचा अर्थ समजावयाचा, तर ती सक्ति आपल्या प्रांतांत कशी होती आणि लोकांनीं तिच्याशीं कसें जुळवून घेतलें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

मुंबईंत छायाचित्रण मंडळीची स्थापना १८५४ सालीं झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या हिंदी सभासदांपैकीं एक. त्याच सुमारास हरिश्चंद्र चिंतामण यांनींहि मुंबईंत या धंद्यांत नांव मिळविलें. या पिढीला रस्ता दिसत होता, पण पकडतां येत नव्हता. कांचेच्या ओल्या प्लेटेवर प्रकाश पडावयास इतका वेळ लागे कीं, चालता मनुष्य त्या अवधींत पुसट डाग होऊन जाई. विल्यम जॉन्सन यानें मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांचीं छायाचित्रें दोन भागांत प्रसिद्ध केलीं. पहिला भाग १८६३ सालचा. त्यांतील पुष्कळ चित्रांत माणसें देवळापुढें किंवा रस्त्यांत उभीं असलेलीं दिसतात. वस्तुतः तीं माणसें स्टुडिओंत स्थिर बसवून टिपलेलीं आहेत, आणि त्यांच्या मागील देखावा निराळ्या निगेटिव्हवरून आणून जोडलेला आहे. मुंबईचा रस्ता असा प्रथम कात्रीनें तयार झाला. यास लबाडी म्हणणें अन्यायाचें होईल. साधनच तेवढें होतें.

हा रस्ता खरोखर हलूं लागला तो चलच्चित्रामुळें. १८९६ सालच्या ७ जुलैस मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत लुमिएर बंधूंचे चित्रपट दाखविण्यांत आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं, जे मूळचे छायाचित्रकारच, विलायतेहून कॅमेरा आणवून १८९९ सालीं हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली. आणि केंब्रिजमध्यें पहिल्या क्रमांकाचे रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ सालीं परत आले, तेव्हां त्यांच्या स्वागताचाहि चित्रपट घेतला. स्वागत एकाचें, पण फिल्मवर उमटली ती गर्दी. आपल्याकडील रस्त्यावरच्या छायाचित्रणाचें मूळ शोधावयाचें तर तें या गर्दींत शोधावें लागेल.

तथापि रंगांत मुरलेला मनुष्य कृष्णधवलाकडे वळला, याचें महाराष्ट्रांतील मोठें उदाहरण धुंडिराज गोविंद फाळके यांचेंच म्हटलें पाहिजे. दादासाहेब फाळके म्हटलें कीं, लोकांस चित्रपटाचे जनक आठवतात. त्या आधीं ते रंगीत छपाईचे कारागीर होते, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्म, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत आणि पुढें बडोद्याच्या कलाभवनांत शिक्षण, गोध्र्यास छायाचित्रणाचा धंदा, नंतर पुराणवस्तु खात्यांत नोकरी, असा त्यांचा क्रम. पुढें लोणावळ्याजवळच्या रविवर्मा छापखान्यासाठीं त्यांनीं काम केलें, स्वतःचा ब्लॉक तयार करण्याचा व छपाईचा कारखाना काढला, आणि तीन रंगांच्या छपाईची विद्या आणावयास १९०९ सालीं ते जर्मनीस जाऊन आले. भागीदारांशीं पटेनासें होऊन कारखाना सोडल्यावर त्यांनीं ख्रिस्तचरित्रावरील एक चित्रपट पाहिला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. १९१२ च्या आरंभीं लंडनला जाऊन त्यांनीं कॅमेरा विकत घेतला. परत आल्यावर वाटाण्याचें रोप कसें वाढतें याचा छोटा चित्रपट प्रयोगादाखल घेतला. आणि १९१३ सालच्या ३ मे रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमाटोग्राफमध्यें सर्वांसाठीं सुरू झाला.

आतां वरवर पाहतां असें वाटेल कीं, रविवर्म्याच्या लाल-सोनेरी देवतांत वावरलेल्या मनुष्यास करड्या छायांच्या जगांत जाणें म्हणजे दारिद्र्य पत्करणें होतें. परंतु तीन रंगांची छपाई कशी होते हें समजून घेतलें, म्हणजे गोष्ट वेगळी दिसूं लागते. मूळ रंगीत चित्राचे तीन फोटो घ्यावयाचे: एक तांबड्या कांचेंतून, एक हिरव्या कांचेंतून, एक निळ्या कांचेंतून. या तिन्ही निगेटिव्ह कृष्णधवलच असतात. जेम्स क्लार्क मॅक्स्वेल या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून १८६१ सालीं रंगीत फितीचें पहिलें प्रात्यक्षिक झालें, तेंहि याच तत्त्वावर. तांबड्या कांचेंतून घेतलेल्या फोटोंत मिरची उजळ व पान काळवंडलेलें येतें. हिरव्या कांचेंतून घेतलेल्यांत पान उजळ आणि मिरची काळी येते. या निगेटिव्हांवरून ठसे करून निळी, किरमिजी आणि पिवळी अशी ती ती शाई एकावर एक छापली, म्हणजे रंग परत उभा राहतो. म्हणजे रंगीत छपाईचा जाणता कारागीर रोज कृष्णधवलच वाचीत असे. प्रत्येक रंग कोणत्या कांचेमागें किती काळा होतो याचा हिशेब त्याच्या बोटांवर असे. फाळके यांनीं रंग सोडला असें म्हणण्यापेक्षां, रंगाच्या पोटांत जें होतें तेंच त्यांनीं बाहेर काढलें, असें म्हणणें अधिक बरोबर.

त्या विद्येची गरजहि होती. त्या काळची फिल्म तांबड्या रंगास आंधळी असे. कुंकू, ओठांचा रंग, लाल शालू हें सारें तींत काळें येई आणि निळें आकाश पांढरें फटक. जें डोळ्यांस मंगल दिसे, तें पडद्यावर कोळशासारखें दिसण्याचा धोका होता. पुढें सर्व रंगांस जागी असणारी फिल्म प्रचारांत आली आणि ही अडचण पुष्कळ कमी झाली. पण डोळ्याचा रंग आणि फिल्मची छटा या दोन निराळ्या भाषा आहेत, हें तत्त्व कांहीं बदललें नाहीं.

योगायोग असा कीं, ज्या वर्षीं फाळके यांचा कृष्णधवल चित्रपट मुंबईंत आला, त्याच वर्षाच्या अखेरच्या हिवाळ्यांत फ्रान्समधील धनिक आल्बेर कान याच्या वतीनें स्तेफान पासे हा छायाचित्रकार खरेखुरे रंगीत फोटो घेत हिंदुस्थानांत फिरत होता. त्याच्याजवळ लुमिएर बंधूंनींच १९०७ सालीं बाजारांत आणलेल्या प्लेटा होत्या. बटाट्याच्या सत्त्वाचे सूक्ष्म रंगीत कण पसरलेल्या त्या प्लेटांस भर उन्हांतहि सेकंदाच्या आसपास वेळ लागे. म्हणून पासेच्या चित्रांत रंग आहे, पण माणसें बहुधा थांबून उभीं आहेत. रंग हवा असेल तर गति सोडा आणि गति हवी असेल तर रंग सोडा, हा सौदा पुढें पुष्कळ वर्षें चालला. १९२५ सालीं लायका हा लहान कॅमेरा विक्रीस आला, आणि आंरी कार्तिए-ब्रेसाँ याच्यासारख्यांनीं तो घेऊन रस्त्यावरचें निमिष पकडण्याची कला सिद्ध केली. परंतु त्या कॅमेऱ्यांत होती ती कृष्णधवल फिल्म. १९३६ सालीं त्याच आकाराची कोडाक्रोम ही रंगीत फिल्म मिळूं लागली, पण ती फार मंद होती. आपल्या देशांत तर स्वातंत्र्यानंतर परदेशी मालावर निर्बंध आले आणि रंगीत फिल्म ही दुर्मिळ व महाग चीज होऊन बसली. उटकमंडच्या सरकारी कारखान्याची ‘इंदु’ फिल्म १९६७ पासून तयार होऊं लागली आणि कृष्णधवलाची ददात कांहींशी मिटली. गांवोगांवच्या स्टुडिओंत ज्यांना रंगच हवा असे, त्यांच्या फोटोंवर कुंचल्यानें रंग भरून देत. गालावर गुलाबी, साडीवर हिरवा, दागिन्यांवर पिवळा! या कारागिरांस कलावंत म्हणून कोणीं ओळखलें नाहीं. पण छटेवर रंग कसा बसतो हें त्यांच्याइतकें फार थोड्यांस ठाऊक असेल.

रंगीताकडून कृष्णधवलाकडे जाणूनबुजून गेलेल्या रस्त्यावरील छायाचित्रकाराचें ठळक उदाहरण न्यू यॉर्कचें आहे. जोएल मेयरोविट्झ हा जाहिरातींच्या धंद्यांतील तरुण. १९६२ सालीं रॉबर्ट फ्रँक या छायाचित्रकारास काम करतांना त्यानें पाहिलें आणि नोकरी सोडली. कॅमेरा उसना घेतला आणि त्यांत फिल्म घातली ती रंगीत. कारण जग रंगीत दिसतें, तर चित्र वेगळें कां असावें, असा त्याचा साधा हिशेब. पुढें त्यानें कृष्णधवलहि हातीं घेतलें. स्वतःच्या हातानें छापतां येई, आणि कलेच्या जगांत मानहि त्यालाच होता. कांहीं वर्षें तो दोन कॅमेरे गळ्यांत अडकवून फिरत असे, एकांत रंगीत आणि दुसऱ्यांत कृष्णधवल. एकच प्रसंग शक्य तेव्हां दोन्हींनीं टिपावयाचा आणि मग शेजारीं ठेवून पाहावयाचें, अशी त्याची शाळा होती. रस्त्यावरचा प्रसंग दोनदां घडत नाहीं. म्हणून त्या जोड्या अगदीं तंतोतंत नसत. तरीहि कोणती गोष्ट रंगावांचून टिकते आणि कोणती कोसळते, हें समजावयास याहून सरळ रीति नाहीं. विशेष हें कीं, एवढा अभ्यास करून तो शेवटीं १९७० नंतरच्या दशकांत रंगीताकडेच परतला.

या परीक्षेस आज दोन कॅमेरे लागत नाहींत. रंगीत फोटो घेऊन एका बटणानें त्यांतील रंग काढतां येतो. परंतु नेमका येथेंच विद्यार्थी घसरतो. रंग मागाहून काढून टाकणें म्हणजे कृष्णधवल शिकणें नव्हे. फसलेल्या रंगीत फोटोस सावरून घेण्याची ती युक्ति होते. शिकावयाचें तें बटण दाबण्यापूर्वीं. चित्रकार डोळे किलकिले करून पाहतात, म्हणजे रंग ओसरतो आणि उजेड व काळोख यांचे मोठे तुकडे तेवढे उरतात. श्रोत्यांपैकीं ज्यांना जिज्ञासा असेल, त्यांनीं हा प्रयोग बाजारांत उभें राहून करावा. भाजीवालीची हिरवी साडी मागच्या मेथीच्या ढिगांत विरून जाते. परंतु तिच्या खांद्यावर तिरपें ऊन पडलें असेल तर ती तत्काळ ढिगापासून सुटी होते. छायाचित्रकाराला दोन पावलें बाजूस सरून हें साधतां येतें. या कलेंत पाय डोळ्यांइतकेच उपयोगी पडतात.

खानदेश हा या शिक्षणासाठीं सोपाहि आहे आणि कठीणहि. सोपा अशासाठीं कीं, या मुलुखाच्या संपत्तीचेच दोन रंग आहेत: काळी जमीन आणि पांढरा कापूस. जिनिंगच्या आवारांत कापसाच्या ढिगावर उभा असलेला हमाल ही रंगाची अपेक्षाच न ठेवणारी गोष्ट आहे. कठीण अशासाठीं कीं, येथील ऊन निर्दय. चैत्र-वैशाखांत दहा वाजल्यानंतर सावल्या पायांखालीं गोळा होतात, टोपीखालचे डोळे काळ्या खांचा होतात आणि धोतराचा पांढरा भाग जळून कोरा पडतो. निगेटिव्ह फिल्मच्या काळीं नियम असा होता कीं, प्रकाश सावलीच्या बेतानें द्यावा आणि उजळ भाग धुण्याच्या वेळीं आवरावा. आजच्या कॅमेऱ्यांत उलट उजळ भाग जपावा लागतो. तो एकदां कोरा गेला कीं, परत मिळत नाहीं. सकाळचें आणि दिवस कलतांनाचें ऊन, ओट्यांच्या आणि छपरांच्या सावल्या, पावसाळ्यांतील ढगाळ मऊ उजेड, हे या मुलुखांत शिकावयाचे खरे वर्ग.

छटेची पराकाष्ठा पाहावयाची तर खानदेशाबाहेर जाण्याचें कारण नाहीं. चाळीसगांवीं के. की. मूस यांचें घर आहे. मुंबईंत १९१२ सालीं जन्मलेले हे पारशी गृहस्थ इंग्लंडमध्यें कलेचें शिक्षण घेऊन १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस चाळीसगांवीं परतले आणि १९८९ सालीं मृत्यु येईपर्यंत, सुमारें अर्धशतक, जवळजवळ घराबाहेर पडले नाहींत. घराला नांव दिलें होतें ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’. ज्या डच चित्रकारानें काळोखांतून चेहरे बाहेर काढले, त्याचें नांव कृष्णधवल छायाचित्रकारानें घरावर लावावें यांत सारें आलें. मूस यांनीं टेबलावर साध्यासुध्या वस्तु मांडून, त्यांवर प्रकाश टाकून डोंगर, बर्फ, रानवाटा यांचे देखावे उभे केले आणि त्यांचे फोटो घेतले. रस्त्यावर कधीं न गेलेल्या मनुष्याकडून रस्त्यावरच्या छायाचित्रकारानें काय शिकावें, असें कोणी विचारील. शिकावें तें एवढेंच कीं, पाहणाऱ्यास बर्फाचा भास होतो तो बर्फामुळें नव्हे, शुभ्रापासून करड्यापर्यंतच्या पायऱ्या बरोबर उतरल्यामुळें. ज्याला टेबलावर या पायऱ्या चढतां येत नाहींत, त्याला धांवत्या बाजारांत त्या सांपडणार नाहींत.

येथपर्यंत कृष्णधवलाची बाजू झाली. दुसरी बाजू रघुबीर सिंग या छायाचित्रकारानें आयुष्यभर लढविली. १९६६ सालीं जयपुरांत त्यानें कार्तिए-ब्रेसाँ यास काम करतांना पाहिलें, त्याच्याबद्दल आदर बाळगला, आणि मार्ग मात्र रंगाचा धरला. मुंबईवरील त्याचा रंगीत चित्रांचा ग्रंथ १९९४ सालीं निघाला. भारतीय मन रंगांतूनच पाहतें, कृष्णधवल ही पश्चिमेची उदासी आहे, अशा आशयाचें प्रतिपादन तो करीत असे. हें अर्धें खरें आहे. त्याच मुंबईचीं सूनी तारापोरवाला यांनीं घेतलेलीं कृष्णधवल छायाचित्रें पाहिलीं, तर त्यांत उदासी नाहीं, हंसूं आहे. परंतु उरलेला अर्धा भाग फार महत्त्वाचा आहे. आपल्या रस्त्यावर रंग ही केवळ शोभा नसते. ती माहिती असते. मिरवणुकींतील ध्वज भगवा कीं निळा कीं हिरवा, अंगावर पडला तो गुलाल कीं हळद, कपाळ कुंकवाचें कीं अबीराचें, यांवरून प्रसंग कोणता आणि माणसें कोण हें कळतें. कृष्णधवल चित्रांत हे सारे ध्वज एकाच करड्या कापडाचे होतात. छायाचित्रास इतिहासाचा पुरावा मानावयाचा असेल, तर हें नुकसान लहान नव्हे.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. कृष्णधवलानें आजचा गांव शंभर वर्षांपूर्वींचा दिसूं लागतो, आणि दारिद्र्य सुंदर दिसूं लागतें. फाटकें धोतर, सुरकुतलेला चेहरा, कुडाची भिंत, यांवर करडी छटा चढविली कीं, पाहणारा हळहळतो आणि समाधानानें पुढें जातो. त्याच भिंतीवर निळ्या रंगांत फोनची जाहिरात होती आणि त्या म्हाताऱ्याच्या हातांतहि फोन होता, हें चित्रांतून गळून पडतें. ज्याचें चित्र घेतलें तो मनुष्य आजचा आहे, त्याला नांव आहे, आणि आपलें चित्र कसें दिसावें याविषयीं त्याचेंहि कांहीं मत आहे. शक्य तेथें त्याला विचारावें, निदान काढलेलें चित्र त्याला दाखवावें. रंग सोडणाऱ्यानें ही जबाबदारी अधिक घ्यावयाची असते, कारण त्यानें मूळ दृश्यांतील अधिक गोष्टी गाळलेल्या असतात.

धरणगांवास रंगांची महती सांगण्याचें कारण नाहीं. बालकवि त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म याच गांवीं १८९० सालीं झाला. त्यांची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता शाळांतून पिढ्यान् पिढ्या शिकविली गेली आहे. तिच्यांतील रंगांचा क्रम मात्र क्वचितच कोणी पाहतो. आरंभीं हिरवें आणि निळें आहे. शेतांतहि हिरवेंच दाटलें आहे. मग त्यांतून एक पांढरी वाट निघते. आणि ती काळ्या पाण्याशीं जाऊन थांबते. नजर रंगांकडून निघून पांढऱ्या रेषेच्या आधारानें काळ्यावर स्थिरावते. ज्या कवीला निसर्गाचा रंगवेडा म्हणतात, त्यानेंहि मोक्याच्या ठिकाणीं रंग बाजूस ठेवले.

राहतां राहिला प्रश्न टिकण्याचा. खानदेशांतील घरोघरच्या पेट्यांत १९७५ ते १९९० च्या सुमाराचे लग्नाचे रंगीत फोटो आहेत. ते आतां तांबूस पडत चालले आहेत; कारण रंगीत कागदावरील रंगद्रव्यें सारख्या वेगानें विटत नाहींत आणि त्यांतील निळसर द्रव्य पुष्कळदां आधीं जातें. नवरदेवाचा हिरवा फेटा तपकिरी होतो, नवरीचा चेहरा विटेसारखा. त्याच पेटींत तळाशीं असलेला आजोबांचा कृष्णधवल फोटो कडेनें पिवळटला असला, तरी नाकडोळे शाबूत असतात. तें चित्र चांदीचें आहे. कोडाक्रोमचा रंग पुष्कळ टिकाऊ होता, परंतु ती फिल्म धुणारी अमेरिकेंतील शेवटची प्रयोगशाळाहि २०१० च्या डिसेंबरांत तें काम बंद करून मोकळी झाली. मोलाचे रंगीत चित्रपट दीर्घकाळ जतन करावयाचे असतील, तर त्यांच्या संग्रहांत एक जुनी रीति वापरतात. मूळ रंगीत फिल्म तीन वेगवेगळ्या कांचांतून तीन कृष्णधवल फिल्मांवर उतरवून ठेवतात, आणि रंग पुन्हां हवा असेल तेव्हां त्या तिन्ही एकत्र करतात. फाळके यांच्या कारखान्यांत तीन ठसे करण्याची रीति हीच होती.